ओनोरीनाच्या तळघराखालची माती

ओनोरीना पेरासने कुणावर चटकन विश्वास ठेवला, असं आल्प्सच्या कुशीतल्या कोस्तारोस्सा गावात कुणी शपथेवर सांगणार नाही. रेडिओने उद्या ऊन पडेल म्हटलं की ती सरपणावर ताडपत्री टाकायची. पाद्रीबाबा देवाच्या दयेबद्दल बोलू लागले की ही मान जराशी कलती करून ऐकायची, जणू खरी गोष्ट ते घाईत गाळून गेलेत. गावातली पोरं म्हणायची, ओनोरीनाला आरसा दाखवला तर ती आधी आरशाच्या मागे जाऊन बघेल.

पण तिचं तोंड एकदा दुधाने चांगलंच पोळलं होतं. ती लहान असताना खालच्या वाडीत तिच्या आईच्या माहेरी काही माणसं आली होती. गळ्यात टाय, पायांत चिखलाचे बूट, हातांत लोखंडी नळ्या. कुरणात नळ्या ठोकायच्या, माती काढायची, पेटीत भरायची. आजोबांनी विचारलं तर म्हणाले, "काही नाही हो, दगडांचा अभ्यास करतोय." आजोबांनी त्यांना आपल्या हाताने दारू ओतून दिली. पुढे धरणाची भिंत उभी राहिली आणि आजोबांचं घर, चुलीसकट आणि अंगणातल्या अक्रोडासकट, पाण्याखाली गेलं. अभ्यास झाला होता म्हणे.

त्यानंतर ओनोरीना ताकही फुंकून प्यायली. लग्नालासुद्धा तिने बियाजोला इतकं ताटकळत ठेवलं की त्याची आई म्हणाली, "पोरी, नवरा बघत्येस की घोडा? दात मोजून झाले असतील तर हो म्हण एकदाची." ती हो म्हणाली आणि तिला पस्तावायची वेळ कधी आली नाही. बियाजो भला माणूस होता. एका हिवाळ्यात लाकडं उतरवताना बर्फाचा कडा सुटला आणि तो गेला. मूलबाळ नव्हतं. ओनोरीनाने गाई विकल्या नाहीत. दर उन्हाळ्यात ती खिंडीखालच्या कुरणावर जायची, बियाजोच्या दगडी झोपडीत राहायची, तोमा नावाच्या चीजचे चक्के बनवायची आणि थंडी उतरली की खाली यायची.

या सगळ्यात एकच माणूस असा होता की ज्याच्याकडे बघताना तिचे डोळे बारीक व्हायचे नाहीत. बियाजोचा धाकटा भाऊ, क्याफ्रेदो. गावात त्याचं खाणावळ-वजा हॉटेल होतं आणि पाहुण्यांना फिरवायला दोन घोडे होते. भाऊ गेल्यापासून दर आठवड्याला तो घोड्यावर पाव, मीठ आणि वर्तमानपत्र लादून वर यायचा. ओनोरीना कॉफी टाकायची. तो गावातली भांडणं सांगायचा, ती ऐकायची. बस्स. एवढ्यावर तिने त्याच्यावर जेवढा विश्वास टाकला होता तेवढा चर्चमधल्या सान क्याफ्रेदोवरही टाकला नव्हता, आणि तो तर संत होता.

तर अशा ओनोरीनाच्या कुरणावर एका जुलैमध्ये माणसं आली. हातांत लोखंडी नळ्या.

झोपडीच्या खाली एक दलदल आहे. आमच्याकडे तिला सान्या म्हणतात. वर हिरवं लुसलुशीत, खाली काळा चिखल. गाय शिरली तर पोटापर्यंत रुतते. ती माणसं सरळ तिथेच गेली. पुढे एक पन्नाशीची बाई होती, उन्हाने नाक सोललेली, केस पोरासारखे कापलेले. मागे चार विद्यार्थी ओझी वाहत होते.

"नमस्कार, सिन्योरा. मी तेओदोरा ग्रासेल्ली, तोरिनोच्या विद्यापीठातून आले. पंचायतीने कळवलं असेलच. तुमच्या सान्यातून थोडी माती काढायची आहे."

"कशाला?"

"लीद शोधायला. घोड्यांची, खेचरांची."

ओनोरीनाने तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं. "लीद? त्यासाठी तोरिनोहून आलात? माझं खेचर मागे बांधलंय. पाटी देते, भरून न्या."

विद्यार्थी हसले. प्रोफेसरीण हसली नाही. "आजची नको. बावीसशे वर्षांपूर्वीची हवीय."

मग तिने सांगितलं. हॅनिबल नावाचा कार्थेजचा सेनापती आल्प्स ओलांडून रोमवर चालून आला. हजारो माणसं, हजारो घोडी, खेचरं, शिवाय हत्ती. पण नेमकी कुठली खिंड, ते नक्की कुणालाच ठाऊक नाही. पुस्तकं भांडतात. तेव्हा तिने ठरवलं की पुस्तकांऐवजी मातीला विचारायचं. एवढी जनावरं खिंड उतरली तर पाण्याला थांबणारच. थांबली तर चिखल तुडवणार आणि शेणघाण करणार. दलदल दरवर्षी थोडी थोडी वर चढते, जुनं खाली गाडलं जातं. जनावरांच्या आतड्यातले जंतू त्या काळ्या मातीत बीजासारखे झोपून राहतात. योग्य खोलीवर तुडवलेला थर मिळाला, त्यात लिदीच्या खुणा मिळाल्या, तर काहीतरी म्हणता येईल.

"आणि नाही मिळाला तर?"

"तर नाही मिळाला म्हणू."

ओनोरीनाला यातलं अक्षरही पटलं नाही. शिकलीसवरलेली बाई, मोटार घेऊन, पोरं घेऊन, शेणासाठी डोंगर चढते? नक्की कुठंतरी पाणी मुरतंय. आणि पाणी म्हटल्यावर तिला पुढचं सगळं दिसलं: भिंत, फाटक, झोपडीवरून सरकणारं हिरवं पाणी. पण कुरण पंचायतीचं होतं, तिचं नव्हतं. ती नाही म्हणू शकत नव्हती. ती दारात विणकाम घेऊन बसली आणि टाक्यांपेक्षा त्यांच्याकडेच जास्त बघू लागली.

नळी आत जायची आणि काळ्या मातीचा लांबट ठोकळा घेऊन वर यायची. प्रोफेसरीण गुडघ्यांवर बसून तो ठोकळा सुरीने उभा चिरायची, नाक लावून वास घ्यायची. जिथे नळी घातली तिथे लाल कापडाचा छोटा झेंडा रोवला जायचा. संध्याकाळी ते लोक तंबूत परतले तेव्हा झेंड्यांची एक सरळ रांग उभी राहिली होती. ओनोरीनाच्या मते भिंतीची रेघ यापेक्षा वेगळी काय असते?

दुसऱ्या दिवशी ते लोक खिंडीकडे गेलेले असताना तिने सगळे झेंडे उपटले आणि चुलीत घातले.

"सिन्योरा, झेंडे कुठे गेले?"

"बिळांतल्या मार्मोटांनी नेले असतील. इथले मार्मोट फार चोर."

"सगळे? रांगेने?"

"माझ्या मेलेल्या नवऱ्याची शपथ, मी हात लावला नाही," ओनोरीना म्हणाली आणि मनातल्या मनात बियाजोची माफी मागितली.  प्रोफेसरीणने मापं घेऊन नवे झेंडे रोवले. पण त्या दिवसापासून तीही ओनोरीनाकडे डोळे बारीक करून बघू लागली.

आठवड्याच्या पावाबरोबर क्याफ्रेदो आला तेव्हा ओनोरीनाने त्याला सगळं सांगितलं, नळी किती खोल घालतात तेही. तिला वाटलं होतं, तोही चिडेल. तो तर खुर्चीतून उठलाच.

"हॅनिबल? आपल्याकडून? वहिनी, अगं तुला कळतंय का हे काय आहे?"

"धरण आहे."

"धरण कसलं घेऊन बसलीस! पलीकडच्या खोऱ्यातले लोक बघ. एक पुरावा नाही, पण जत्रेत पुठ्ठ्याचा हत्ती फिरवतात आणि माणसांची रीघ लागते. आपल्याकडे काय आहे? शाळा बंद, दवाखाना बंद. हॉटेलात जेवायला कोण, तर मी आणि मांजर. आणि इथे खरीखुरी प्रोफेसर येऊन म्हणतेय की सैन्य इथून गेलं!"

"ती तसं म्हणत नाही. ती म्हणते, बघू या."

"मिळेल गं. मिळायलाच पाहिजे."

पुढच्या खेपेला त्याच्या घोड्यावर पावाबरोबर एक लोखंडी पाइप होता आणि एक तोंड बांधलेलं पोतं. प्रोफेसरीण आणि तिची पोरं पुढच्या नळ्यांच्या जागी झेंडे रोवून सामान आणायला खाली गेली होती.

"हे काय आणलंस, भावजी?"

"हौदाची मोरी तुंबलीय म्हणाली होतीस ना? साफ करतो."

आपण असं कधी म्हणालो ते ओनोरीनाला आठवेना. म्हणालोही असू, वय झालं. तिने कॉफी टाकली. धारा काढून ती बाहेर आली तेव्हा क्याफ्रेदो हात धूत होता. दुसऱ्या कुणाचे हात असते तर तिने नखांतला चिखलही तपासला असता.

पुढे तोरिनोचे लोक माती घेऊन गेले. गवत पिवळं पडू लागलं तेव्हा प्रोफेसरीण एकटीच परत आली. सकाळची वेळ होती. ओनोरीना साय घुसळत होती. प्रोफेसरीण न विचारताच बाकावर बसली.

"एका नळीत लीद सापडली," ती म्हणाली. "भरपूर. नेमकी हवी त्या खोलीवर."

"मग झालं तर. अभिनंदन."

"तिच्यात मक्याची सालपटं आहेत."

ओनोरीना घुसळतच राहिली. "घोडा मका खातो. त्यात काय?"

"मका अमेरिकेतून आला, सिन्योरा. हॅनिबलच्या घोड्यांना मका घालायचा तर त्याने आल्प्सच्या आधी अख्खा महासागर ओलांडायला हवा होता." तिचा आवाज चढला नाही, आणि तेच वाईट होतं. "ही लीद या उन्हाळ्यातली आहे. कुणीतरी पाइपाने भोक पाडून खाली भरली. मला खोटं पाडायला, किंवा खरं ठरवायला. मला माहीत नाही. इथे उन्हाळाभर राहतं कोण? तुम्ही. खेचर कुणाचं? तुमचं. झेंडे कुणी उपटले, तेही मला ठाऊक आहे. फक्त तुम्ही शपथ घेतलीत म्हणून मी बोलले नव्हते."

 जन्मभर ओनोरीनाने लोकांवर संशय घेतला होता; तिच्याकडे असं बोट कुणी रोखलं नव्हतं. तिला ओरडायचं होतं, की माझं खेचर गवतावर जगतं, मक्याचा दाणा त्याला दिसत नाही. खोऱ्यात घोड्यांना भरडलेला मका घालतं कोण? पाहुण्यांना घोडे तकतकीत दिसावेत म्हणून... इथवर आली आणि तिचं तोंड मिटलं. पाइप. पोतं. तुंबलेली मोरी, जी कधी तुंबलीच नव्हती.

"मी काही केलं नाही," एवढंच ती म्हणाली.

"शपथ घेऊन सांगता?" प्रोफेसरीणने विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ती तंबू लावायला गेली.

त्याच दुपारी ओनोरीना खाली उतरली. क्याफ्रेदो हॉटेलच्या दाराला रंग देत होता. दाराशेजारी भिंतीला टेकवून एक नवी पाटी ठेवली होती: काळा हत्ती, सोंड वर. रंग अजून ओला होता.

"वहिनी! तू? आज? गाई कोण बघतंय?"

"मोरी साफ झाली का रे?"

त्याचा कुंचला थांबला. "कुठली मोरी?"

"तीच, जी तुंबली नव्हती."

क्याफ्रेदोने रस्त्याकडे बघितलं. रस्त्यावर कुणीच नव्हतं, नसतंच. "आत चल. इथे नको."

"इथेच बोल."

"काय मोठं केलं मी? ती बाई शोधत होती ते तिला लवकर सापडावं एवढंच. सैन्य गेलंच असणार गं इथून. खरी गोष्ट जरा ढकलली तर खोटी होते का?"

"तिला वाटतंय, मी केलं."

 तो हळूच म्हणाला, "तुझं काय जातंय? तुला कुठे लोकांची पर्वा आहे? सगळ्या गावाला माहीत आहे तुझा स्वभाव. म्हणतील, ओनोरीनाच ती, केलं असेल तिरसटपणे. दोन दिवस बोलतील आणि विसरतील. माझा मात्र धंदा बसेल."

ओनोरीना त्याच्याकडे बघत उभी राहिली. बियाजोसारखंच कपाळ, बियाजोसारखेच कान. या माणसाच्या पावाचा पहिला घास तिने कधी वास घेऊनसुद्धा खाल्ला नव्हता.

"क्याफ्रेदो," ती म्हणाली. भावजी म्हणाली नाही. "तू तिला सांग. नाहीतर मी सांगते."

"तुझ्यावर कोण विश्वास ठेवणार?"

 ती वळली आणि चढ चढू लागली. गुडघे दुखत होते, पण वाटेत ती कुठे बसली नाही.

सकाळी क्याफ्रेदोची थोडी वाट बघून ती तंबूपाशी गेली. प्रोफेसरीण दगडावर बसून पाव खात होती.

"झेंडे मी उपटले," ओनोरीना म्हणाली. "चुलीत घातले. मला वाटलं, धरण बांधताय. माझ्या आजोळचं घर असंच गेलं, नळ्या ठोकूनच. शपथ खोटी होती. लीद मात्र मी घातली नाही. ती माझ्या दिराने घातली."

"हे मी का मानावं?"

"मानू नका. मीही मानलं नसतं."

प्रोफेसरीण पहिल्यांदा हसली, पण तेवढ्यापुरतंच. "माझी अडचण कळते का तुम्हाला? एका नळीत खोटं निघालं की सगळ्या सान्यावरच संशय येतो. उद्या मी काहीही दाखवलं, तरी पलीकडच्या खोऱ्यातला कुणीतरी म्हणेल, हेही पाइपाने घातलेलं असेल. मला अशी जागा हवी जिथे कुणाचा हात पोचूच शकला नसता. अशी जागा इथे नाही."

ओनोरीना झोपडीकडे वळली. मग म्हणाली, "आहे."

झोपडीच्या मागच्या अंगाला चक्क्यांचं तळघर होतं. बियाजोच्या पणजोबाने ते मुद्दाम सान्याच्या काठावर बांधलं होतं, गारवा आणि ओल राहावी म्हणून. दगडाच्या मोठ्या फरशा थेट काळ्या मातीवर बसवलेल्या. त्या घातल्या त्या दिवसापासून कुणी हलवल्या नव्हत्या. सांध्यांत इतकं दाट शेवाळ होतं की सुरीचं टोक जाईना. या तळघरात ओनोरीनाने परक्या माणसाला कधी पाऊल टाकू दिलं नव्हतं. किल्ली तिच्या गळ्यात असायची.

प्रोफेसरीणने दिवा धरून प्रत्येक सांधा तपासला. रांगत, बोटाने चाचपत. कुठे नवी खरवड दिसते का, ओरखडा दिसतो का. ओनोरीना दारात उभी राहून बघत होती आणि तिला त्या संशयाचा राग येत नव्हता; आपण आपल्याच घरचं कुणीतरी बघतोय असं वाटत होतं.

"फरशी फुटू शकते," प्रोफेसरीण उठत म्हणाली.

"फुटू दे. आधी चक्के बाहेर काढू."

विद्यार्थी वर आले त्या दिवशी चक्के बाहेर काढायचं काम सुरू झालं. वर्षाची सगळी मेहनत त्या फळ्यांवर होती. दोन फळ्या रिकाम्या झाल्या असतील, तेवढ्यात वाटेवर घोडा दिसला. क्याफ्रेदो. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले. तो प्रोफेसरीणपुढे जाऊन उभा राहिला आणि टोपी काढली.

"मी घातली," तो म्हणाला. "वहिनीला काही माहीत नव्हतं."

प्रोफेसरीणने त्याला बरंच काही विचारलं: किती खोल, कुठल्या भोकात, कितींदा. तो मान खाली घालून सांगत गेला. "आणखी कुठे?" तिने विचारलं. "नाही." "नक्की?" "नक्की." तरी तिने सगळ्या जुन्या नळ्या बाद केल्या. मग क्याफ्रेदो तळघराच्या दाराशी आला आणि हात पुढे केले.  ओनोरीनाने एक चक्का उचलला आणि त्याच्या हातावर ठेवला. तो बाहेर नेऊन ठेवून परत आला. तिने दुसरा दिला. दुपारपर्यंत असंच चाललं.

फरशी उचलली, फुटली नाही. नळी खाली गेली आणि काळा ठोकळा घेऊन वर आली. चिरल्यावर वरचा भाग एकसारखा दिसला, पानांवर पानं ठेवल्यासारखा. त्याखाली मात्र एक पट्टा होता, ज्यात सगळं उलटंपालटं झालेलं: माती, मुळं, खडे एकमेकांत कालवलेले. त्याच्याखाली पुन्हा शांत पानं.   प्रोफेसरीणने सुरी खाली ठेवली आणि म्हणाली, "अजून काही म्हणू नका. कुणीच नाही."

वसंतात ती निकाल सांगायला गावात आली. चर्चच्या दालनात सगळं गाव जमलं, पलीकडच्या खोऱ्यातलेही काही जण कान टवकारून मागे बसले. तिने सांगितलं, की त्या पट्ट्यात घोडा-खेचरांच्या आतड्यातल्या जंतूंचं बी खच्चून सापडलं. वर आणि खाली जवळजवळ नाहीच. काळही हॅनिबलच्या आसपासचा येतो, पण शे-दीडशे वर्षं इकडे-तिकडे.

"म्हणजे तो इथून गेला!" कुणीतरी ओरडलं.

"म्हणजे पुष्कळ जनावरं थोड्या काळात इथे थांबली," ती म्हणाली. "सैन्य असेल. मोठा जनावरांचा बाजार निघाला असेल. दुसरं कुठलं सैन्य असेल. एखादा लगाम, एखादं नाणं मिळालं असतं तर गोष्ट वेगळी. आज मला माहीत नाही."

दालनात नाराजीची कुजबुज उठली. पाटील, म्हणजे आमचे सिंदाको, चिडून म्हणाले, "बाई, एवढं खणलंत आणि शेवटी माहीत नाही? मग आम्ही पाटीवर काय लिहायचं?"

तेव्हा मधल्या रांगेतून ओनोरीना उभी राहिली. सभेत ती आजवर कधी बोलली नव्हती.

"लहानपणी आमच्याकडे नळ्या घेऊन माणसं आली होती," ती म्हणाली. "त्यांना सगळं माहीत होतं. कुठल्याही प्रश्नाला उत्तर तयार. ही बाई माहीत नाही म्हणते. ते मला पटलं." आणि ती खाली बसली. क्याफ्रेदो शेवटच्या रांगेत जमिनीकडे बघत होता. हत्तीची पाटी त्याने कधी टांगली नाही. तिची मागची बाजू रंगवून त्यावर जेवणाचे पदार्थ लिहिले.

बाहेर पायऱ्यांवर प्रोफेसरीणने तिला गाठलं. "आपल्या दोघींतलं म्हणून विचारते. तुम्हाला काय वाटतं, गेला असेल तो इथून?"

"मला काय विचारता? मी तेव्हा इथे नव्हते."

जूनमध्ये ओनोरीना गाई घेऊन वर गेली. क्याफ्रेदो पाव आणून हौदाच्या कठड्यावर ठेवायचा आणि परत जायचा. ऑगस्टमध्ये एकदा धो धो पाऊस आला तेव्हा तिने दार उघडलं आणि म्हणाली, "ये आत, भिजशील." कॉफी टाकली. बोलणं फारसं झालं नाही.

तळघरातल्या फरशा तिने स्वतः पुन्हा बसवल्या, सांधे चुन्याने बुजवले. एक फरशी तेवढी सुटी ठेवली, म्हणजे प्रोफेसरीणबाईंना परत नळी घालायची झाली तर सोपं जाईल. आणि दुसऱ्या कुणी ती उचलू नये म्हणून तिच्यावर मिठाचं पिंप आणून ठेवलं.